जाळीतल्या माशा

"तुझा नवरा संशोधन केंद्रात दिवसभर करतो तरी काय? माशा मारतो?" माझ्या थोरल्या जाऊबाई खवचटपणे विचारायच्या.

"मारत नाहीत हो, पाळतात!"

खरंच पाळायचे. कांद्याचं नवं वाण तयार करायचं तर निवडलेले कांदे पुन्हा लावायचे. त्यांना फुलांचे गोंडे आले की वर बारीक जाळी ताणायची, म्हणजे मधमाशा भलत्याच कांद्याचे परागकण आणत नाहीत. मग परागीकरणासाठी आत आपल्या साध्या घरमाशा सोडायच्या. आणि मला तर स्वयंपाकघरात एक माशी दिसली तरी सुचत नाही काही.

बारा वर्षं हे एकेक कांदा निवडत आले. एकरी दीडपट निघेल, सहा महिने सडणार नाही, असा कांदा इथल्या शेतकऱ्यांना द्यायचा, हा एकच ध्यास. यंदा निवृत्ती. शेवटचे चाळीस गोंडे फुलले आणि हे जिन्यावरून पडून मांडीपर्यंत प्लास्टरात!

"आता बी धरलं नाही तर सगळं पाण्यात," म्हणाले आणि भिंतीकडे तोंड केलं. मला इतकी कणव आली की रागच आला.

"मी सोडते तुमच्या माशा. रडू नका."

माशांच्या कोषांचा डबा केंद्रातून आणवला आणि रात्री ओट्यावर ठेवला. झाकण सैल राहिलं, कर्म माझं! सकाळी बघते तर घरभर माशा. मी किंचाळून जाऊबाईंना बोलावलं. त्या थेट फडकं उगारूनच आल्या.

"अहो, एकही मारायची नाही! खिडक्या लावा!"

दोघींनी साखरपाणी लावलेल्या बाटल्यांत दुपारपर्यंत माशा धरल्या. घामाने निथळत मी जाळीत शिरले, बुचं काढली. "जा बायांनो, लागा कामाला."

दीड महिन्याने हे काठी टेकत शेतात आले. एक गोंडा तळहातावर चोळला. काळंभोर, टपोरं बी! ते तिथेच बांधावर बसून ओक्साबोक्शी रडले. मीही रडले, लाजायचं काय त्यात?

बियांच्या पिशवीवरच्या चिठ्ठीत परागीकरण कोणी केलं, असा रकाना असतो. यांनी ठळक अक्षरांत लिहिलं, 'माझी बायको'.

"हे खोडा. कार्यालयात असं चालत नाही," साहेब म्हणाले.

तीस वर्षांत साहेबांपुढे ब्र न काढलेला हा माणूस. म्हणाला, "नाही खोडणार."