भिजवलेले बदाम

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण रविवारी हे ज्यांना सांगायचंय त्यांच्यासमोर जीभ अडखळेल, याची मला खात्री आहे — निदान एकदा तरी बोलून बघावं.

मी मुक्ताईनगरच्या बाजूचा, केळीवाल्यांच्या घरातला. पुण्याला न्यूरोसायन्स शिकलो, म्हणजे मेंदूचं शास्त्र. मेंदू चालतो कसा ते शिकायचं, रोगी तपासायचे नाहीत — हा फरक गावाला कसा समजावणार? दर दिवाळीला तोच प्रश्न, "पन तू व्हनार काय?" मलाच ठाऊक नव्हतं. आमच्या वर्गात कुणाला होतं? 'बघू' म्हणायचो आणि चिवड्याकडे वळायचो.

एमएस्सी होऊन गावी आलो तर स्टँडवर फ्लेक्स. माझा फोटो, त्याला गळ्यात टाय चिकटवलेला — मी जन्मात टाय घातलेला नाही — आणि खाली ठळक अक्षरांत, 'मेंदूचे डॉक्टर झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन'. माझ्या थोरल्या काकांनी, नानांनी, हौसेनं लावलेला. हसू येतंय ना? मलाही आलं. नानांना बाजूला घेऊन सांगायचं होतं. सांगितलं का? नाही. सत्काराची शाल पांघरून घेतली. इतक्या वर्षांनी माझ्या प्रश्नाचं उत्तर कुणीतरी दिलं होतं, तेही रंगीत छापून. खरं सांगू — आवडलं मला ते.

इथवरच राहिलं असतं तर गंमत म्हणून सोडून दिलं असतं.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या शोभाअक्का त्यांच्या निकिताला घेऊन आल्या. पोर आठवीत. लहानपणापासून मला 'ए पोऱ्या' म्हणणाऱ्या अक्का अदबीनं ओट्यावर टेकल्या.

"डॉक्टर, हे पोरगी मधीच थांबून जाते. डोये उघडे रायते, पन ते तठी नसते. मास्तर म्हनते, लक्ष नाही."

बोलणं चालू असतानाच तसं झालं. निकिताची नजर गोठली, पापण्या थरथरल्या, आणि क्षणात ती परत आली, काही झालंच नाही अशी.

मी ओळखलं. हेच तर शिकलो होतो! फिट म्हणजे दरवेळी हातपाय झाडणं नव्हे, अशीही फिट असते. बहुतेकदा गोळ्यांनी आटोक्यात येते. एवढंच म्हणायचं होतं — अक्का, मी डॉक्टर नाही, हिला उद्याच जळगावला मेंदूच्या डॉक्टरांकडे न्या. किती सोपं होतं? पण मग अक्का विचारणार, तू कशाचा डॉक्टर? त्या प्रश्नाला मी भ्यालो.

"वय आहे," मी म्हणालो. "होईल कमी. सकाळी भिजवलेले बदाम देत जा."

बदाम! अक्कांनी वर्षभर न चुकता दिले. पोर वर्षभर शाळेत बोलणी खात राहिली. मग एकदा चहाचं पातेलं उतरवताना ती तशीच थांबली आणि उकळता चहा हातावर सांडला. भाजलेला हात बघणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी नेमकं विचारलं आणि जळगावला पाठवलं. मेंदूचा आलेख, म्हणजे ईईजी झाला, गोळ्या सुरू झाल्या, पोरीचं थांबणं थांबलं. मला हे आईकडून फोनवर कळलं. काय म्हणालो मी? "बरं झालं." फोन ठेवल्यावर मात्र मला माझी लाज वाटली. अजून वाटते.

नंतर मी ईईजीचं वेगळं प्रशिक्षण घेतलं. आता धुळ्यात एका दवाखान्यात मुलांच्या डोक्याला तारा चिकटवतो. आत आलेली आई 'डॉक्टर' म्हणाली की आधी सांगतो — मी डॉक्टर नाही, डॉक्टर रिपोर्ट बघतील. अजून तरी कुणी उठून गेलेलं नाही.

गेल्या महिन्यात निकिता एसटीनं एकटीच धुळ्याला आली. बारावी झाली. गोळ्याही आता बंद आहेत. "दादा, मला तुमचंच शिकायचंय. पण त्यातून होता काय येतं?"

तोच प्रश्न! दुपारभर बोललो. तिला दवाखान्यातली माझी ईईजीची खोली दाखवली. लकव्यानं बोलणं गेलेल्यांना पुन्हा बोलायला शिकवता येतं, त्याचा कोर्स वेगळा. मेंदूचे सिग्नल संगणकावर वाचायचं काम आहे, नव्या औषधांच्या चाचण्यांचं आहे, संशोधन आहे, पण त्याला दम लागतो. शिकवता येतं. "डॉक्टर मात्र यातून होत नाहीत," मी म्हणालो. "मीही नाही झालो."

"ते मला कधीच कळलंय, दादा. गुगल आहे ना."

ती खळखळून हसली. हातावरचा डाग दिसत होता. बदामांचं मी बोललो नाही.

तिला प्रवेश मिळाला. रविवारी सत्कार आहे. नानांचा फोन आला, "हिच्या फ्लेक्सवर काय लिहू रे?" मी म्हटलं, शिकायला चालली आहे, एवढंच लिहा.

गावी गेलो की अक्का अजून सोललेले बदाम माझ्या तळहातावर ठेवतात. "तुमच्या बदामानं अन् जयगावच्या गोयीनं पोरगी बरी झाली," म्हणतात. आणि मी ते खातो. दरवेळी खाल्ले.

या रविवारी हात पुढे करण्याआधी सांगणार आहे — अक्का, त्या दिवशी ओट्यावर मला कळलं होतं.