पडदेवाली मावशी आणि चांदणीची आयाळ

पडदेवाली मावशी घोड्याला इतकी भ्यायची, की झुलीचं माप घ्यायला आली तरी तबेल्याच्या दारातून आत पाऊल टाकायची नाही. रस्त्यावर उभी राहून फीत आत फेकायची आणि ओरडायची, "मानेपासून शेपटीपर्यंत किती रे? नीट माप. भाव करतोस तसं कमी करून सांगू नको!" लहानपणी गिरगावात एका व्हिक्टोरिया बग्गीच्या घोड्याने तिची वेणी गवत समजून तोंडात धरली होती. वेणी सुटली, भीती सुटली नाही.

माझा धंदा वरातीच्या घोड्यांचा. बापाची गिरणी बंद पडली तेव्हा मी लोकांच्या वरातीत डोक्यावर दिवे घेऊन चालायचो. तिथून परळला भाड्याचा तबेला आणि स्वतःच्या घोड्या, एवढं कोणाच्या मेहेरबानीशिवाय केलं. म्हणून भाव करताना मी सख्ख्यालाही सोडत नाही आणि डोकं फिरलं की समोर कोण आहे ते बघत नाही. मावशीवर माझा एक राग आहे. ती गेली तरी तो गेलेला नाही. पण त्याच्याआधी चांदणीचं सांगायला हवं.

चांदणी माझी सगळ्यात देखणी घोडी. पांढरी, आणि आयाळ अशी की नवरीकडच्या बायका नवऱ्याला सोडून तिच्याकडे बघायच्या. एका लग्नसराईआधी मी मावशीकडून तिच्यासाठी नवी झूल शिवून घेतली. मावशी करी रोडच्या चाळीत राहायची. लालबागच्या मंडळांचे गणपतीचे पडदे शिवण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. पडदा हातातून सोडायच्या आधी ती त्याला कडक खळ द्यायची. "कापड उभं राहिलं पाहिजे, बसलेलं कापड म्हणजे बसलेला माणूस," असं तिचं म्हणणं. झुलीलाही तिने तशीच खळ दिली. मानेशी जरीचा ताठ काठ लावला. झूल अशी उभी राहिली की मीसुद्धा भाव न करता पैसे दिले. माझ्या आयुष्यात असं क्वचितच घडतं.

सराई जोरात होती. एक वरात दादरला उतरवायची की दुसरी लालबागला चढवायची. मध्ये झूल काढायला कोणाला वेळ होता? घाम येत होता, वाळत होता, पुन्हा येत होता. आणि एका सकाळी मी चांदणीच्या मानेवरून हात फिरवला तर केस हातात आले. मान संपून पाठ सुरू होते त्या उंचवट्याजवळची आयाळ गेली होती. खाली लालसर कातडी, त्यावर खपली.

मी हात झटकन मागे घेतला. घोड्यांचा एक रोग आहे, अंगावर जखमा होतात, माणसालाही लागतो. तो निघाला तर घोडी ठेवता येत नाही, सरकारी माणसं येऊन तिला इंजेक्शन देऊन कायमची झोपवतात. त्याच दिवसांत कुठल्याशा तबेल्यात तो सापडल्याची बातमी फिरत होती. खरी की खोटी कोणाला माहीत नव्हतं, पण माझे नोकर चांदणीला पाणी द्यायलाही पुढे होईनात. शेजारचा भंगारवाला मुलांना घरात घेऊन दार लावायचा.

डॉक्टर आले. हातमोजे घालून त्यांनी बघितलं, रक्त घेतलं. "घासल्यासारखं वाटतंय," ते म्हणाले, "पण या दिवसांत नुसत्या वाटण्यावर सोडता येत नाही. रिपोर्ट येईपर्यंत वेगळी बांधा. वरात बंद."

"आणि रिपोर्ट वाईट आला तर?"

त्यांनी बॅगेची चेन लावली.

मी ती झूल कापडात बांधली आणि तसाच करी रोडला गेलो. भीती वाटली की मी ओरडतो, मला दुसरं काही येत नाही. जिन्यातूनच सुरू केलं. "मावशी, तुझ्या झुलीने माझी घोडी खाल्ली!"

मावशी मशीनवरून उठली नाही. "हळू बोल मेल्या, वरच्या मजल्यावर बाळंतीण आहे. झूल कशी खाईल? तिला काय दात आहेत?"

"मग आयाळ कुठे गेली?"

मावशीने मशीन थांबवलं. झूल मांडीवर ओढली आणि उलटी केली. शिवलेलं कापड ती नेहमी समोरून बघायची, आतून नाही. पडद्याची मागची बाजू कोण बघतं? त्या दिवशी तिने काठावरून आतल्या बाजूने बोट फिरवलं आणि ते उलटून बघितलं.

मग तिने जे केलं ते चाळीत अजून सांगतात. तिने अंबाडा सोडला, ती झूल स्वतःच्या खांद्यावर घेतली, मानेशी घट्ट बांधली आणि दिवसभर तशीच वावरली. स्वयंपाक केला, भांडी घासली, मशीन चालवलं. खालची पोरं ओरडली, "मावशी, वरात कुठे चालली?" "तुझ्या बापाच्या दारात!" म्हणाली आणि घाम गाळत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती तबेल्यावर आली. मान मागून लाल झाली होती, बटांची टोकं तुटून कुसळांसारखी उभी राहिली होती. "रोग नसेल रे," ती म्हणाली. "खळ आहे. घामाने भिजते, वाळली की करवत होते. पण मला तिचे केस बघू दे. मुळातून गेलेत की तुटलेत."

"मी बघून सांगतो."

"तुझ्या बोटांना पैशाशिवाय काही कळत नाही. बाजूला हो."

आणि ती दारातून आत आली. ओठ हलत होते, देवाचं नाव असेल नाहीतर मला शिव्या. एका हाताने तिने स्वतःची वेणी घट्ट धरली होती. चांदणीने कान मागे टाकले. घोडी कालपासून कोपऱ्यात वेगळी बांधलेली, माणसाच्या हातावाचून उभी होती, बिथरली असती तर त्या कोपऱ्यातून मावशीला काढता आलं नसतं. मी दोन्ही हातांनी लगाम धरून उभा होतो.

मावशीने रुमालात गुंडाळून एक बोट पुढे केलं. एकच. खपलीच्या बाजूने, चोरासारखं फिरवलं. चांदणीने कातडी थरथरवली, पण हलली नाही.

"खुंट लागतात," मावशी कुजबुजली. "दाढीसारखे. तुटलेत रे, उपटलेले नाहीत." आणि वळून रस्त्यावर जी धावली, ती समोरच्या फुटपाथवर जाऊन थांबली. तिथून ओरडली, "पण रिपोर्ट येईपर्यंत माझ्यावर विश्वास ठेवू नको!"

रिपोर्ट येईपर्यंत मी जेवलो की नाही ते आठवत नाही. तबेल्याबाहेर कुठलीही गाडी थांबली तरी मला वाटायचं, न्यायला आले. रिपोर्ट स्वच्छ आला. डॉक्टरांनी मलम दिलं, बरं होईपर्यंत मानेवर काहीही ठेवू नका म्हणाले.

तोवर मावशीने झूल नवी केली. खळ धुऊन काढली. जरीचा काठ मागे घेतला, मानेशी खोल गोलाई कापली, म्हणजे झूल आयाळीवर न बसता मागे बसेल. आतून मखराचं उरलेलं सॅटिन लावलं आणि सगळ्या शिवणी बाहेर काढल्या, केसाला एकही टाका लागू नये म्हणून. मला दम दिला, "दोन वरातींच्या मध्ये झूल उतरवायची. घाम पुसायचा, आतली धूळ झटकायची. नाहीतर तुलाच घालीन." पुढच्या पावसाळ्यापर्यंत आयाळ भरत आली. खळ मात्र कोणाच्या हौसेची, यावर आमचं शेवटपर्यंत जमलं नाही. मी म्हणायचो तुझी, ती म्हणायची तुझी.

पुढे तिने तशाच झुली दादरच्या माझ्या वैऱ्यालाही शिवून दिल्या. मी भडकलो. "तो माझी गिऱ्हाइकं पळवतो!"

"तो पळवतो. त्याच्या घोडीने तुझं काय पळवलं?" मावशी म्हणाली.

मागच्या वर्षी ती परळच्या एका हॉस्पिटलात होती. भेटायला गेलो तर उशीला टेकलेली, केस मागून विरळ झालेले. घरून आणलेलं खरखरीत ब्लँकेट हनुवटीपर्यंत ओढलेलं. "टोचतं रे मेलं," म्हणाली. तबेल्यात झुलीसाठी ठेवलेलं सॅटिन आणलं आणि ब्लँकेटच्या काठाला शिवून घेतलं, शिवणी बाहेर. तिने काठ मानेला लावून बघितला.

"याचं काय घेशील?"

"बरी होऊन तबेल्यात ये. आयाळ पूर्ण आली आहे. हात लाव."

"एक बोट."

"अख्खा हात."

"मरायला टेकलेल्या बाईशी भाव करतोस? दोन बोटं. रुमाल न घेता."

"दोन. ठरलं."

सौदा पक्का झाला. आमच्या धंद्यात शब्द दिला की दिला. मावशी आली नाही. चांदणी अजून दाराकडे तोंड करून उभी असते. रोज सकाळी मी झूल घालण्याआधी ती आतून स्वतःच्या मानेवर फिरवून बघतो, आणि मगच मावशीच्या वाटची दोन बोटं चांदणीच्या आयाळीत घालतो. पुन्हा केस हातात येतील म्हणून हात अजून भीतच जातो. सौदा मोडणाऱ्या माणसाला मी आजवर माफ केलेलं नाही, मावशीलाही करणार नाही.