मौनाने झालेल्या दोन प्रती

आमचा संस्कृत शब्दकोश एकाच फाइलमध्ये आहे. ती क्लाउडवर ठेवून मी इथून आणि करमाडचे शास्त्रीबुवा तिथून भर घालतो. ही व्यवस्था लावून देणारे गृहस्थ वाळूजच्या कारखान्यात फिटर आहेत. संस्कृत त्यांना येत नाही. फाइल उघडताना दुसऱ्याला फोनवर "घेतली" म्हणावे आणि मिटल्यावर "सोडली", हा त्यांचा दंडक.

एके सकाळी जपाचे मौन असल्याने मी "घेतली" म्हणालो नाही. त्याच वेळी शास्त्रीबुवांनीही फाइल उघडली आणि दोघांची भर वेगवेगळी राहून कोशाच्या दोन प्रती झाल्या.

मी कळवल्यावर कारखान्यातली पाळी संपताच फिटर आले. "मौनात मेसेज तर धाडता येतो की, गुरुजी!"

"नवी ठेवा, जुनी पुसून टाका," शास्त्रीबुवा फोनवर म्हणाले.

"आन् जुनीतले शब्द कुठं जातील?"

फिटर दोन्ही प्रती अक्षर न् अक्षर ताडून पाहत बसले. सायंकाळी म्हणाले, "ह्या एका शब्दाचे तुमी दोघांनी दोन अर्थ लिवलेत. म्या कोनताबी पुसनार नाय. तुमीच ठरवा."

पाठभेद, म्हणजे प्रतींमधले फरक, न पुसता जपण्याचा हा धर्म मी आयुष्यभर शिकवला. त्यांनी तो न शिकता पाळला होता. मी अभिमानाने फोनवर म्हणालो, "शास्त्रीबुवा, आपल्या कोशाला तिसरे संपादक लाभले."