शेऱ्याचा रकाना

अरविंद कापुरे यांनी देवासच्या कारखान्यात तेहतीस वर्षं एकच काम केलं. समोर आलेला तुकडा पास की नापास, ते सांगायचं. त्यासाठी त्यांच्याकडे गेज नावाचा पोलादी दांडा असे. त्याचं एक टोक तुकड्याच्या भोकात गेलं पाहिजे आणि दुसरं टोक जाता कामा नये. गेलं नि अडलं, की पास. बाकी सगळं नापास. नोंदवहीत चार रकाने होते: तारीख, वस्तू, निकाल आणि शेरा. शंका असेल तर ती शेऱ्यात लिहायची. कापुऱ्यांच्या वहीत तेहतीस वर्षांत शेऱ्याचा रकाना कोरा राहिला, आणि निवृत्तीच्या समारंभात साहेबांनी हे माइकवरून सांगितलं तेव्हा कापुऱ्यांचे डोळे भरून आले होते.

नोकरीत असतानाच त्यांना शेअरबाजाराचा नाद लागला. नाद म्हणजे पैशापेक्षा मताचा नाद. स्वतःचे शेअर मूठभर, पण मत सगळ्या बाजारावर. पुढे निवृत्त झाले, आणि मग तर विचारायलाच नको. सकाळी टेकडीची परिक्रमा करायची, खाली उतरून पोहे-जिलबी खायची आणि बाजार उघडायच्या आत चार जणांना मत द्यायचं. घरी येऊन तेच मत डायरीत उतरवायचं, कारखान्यातल्यासारखेच चार रकाने आखून; ही सवय नोकरीत असल्यापासूनची. तारीख, कंपन्या, पास-नापास, शेरा. जुना गेज साहेबांनी आठवण म्हणून दिला होता, तो डायरीवर वजन म्हणून ठेवलेला असे.

आता शेअरबाजाराला गेज कुठून आणणार? पण सवय जात नाही. कापुऱ्यांनी आपल्यापुरते तीन गेज शोधून काढले होते. गच्चीवरून शहराबाहेरच्या टेकड्यांवरच्या अकरा पवनचक्क्या दिसत. त्यांतल्या सहापेक्षा जास्त फिरत असल्या, तर वाऱ्याच्या विजेच्या कंपन्या पास. उन्हाळ्यात बायकोचे, म्हणजे कल्पनाताईंचे, पापड दोन दिवसांत वाळले, तर सौर ऊर्जा पास. आणि मुलगा विपुल पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये. त्याचा रविवारी फोन आला, की ते त्याच्या बोलण्यापेक्षा त्याचा आवाज ऐकत. आवाज खुशीत असला, तर तंत्रज्ञान पास. आवाज पडलेला असला, तर सोमवारी नापास.

"बाबा, मला सर्दी झाली आहे," असं तो एकदा पुढच्या रविवारी म्हणाला होता. तोवर यांनी तीन कंपन्या विकून टाकल्या होत्या.

खरी गोष्ट अशी, की आतून हा माणूस पार गोंधळलेला होता. सकाळी 'पास' लिहायचं, अकराला विकायचं, दुपारी दोनला हळहळायचं. चक्क्या बंद असताना विजेचे शेअर चढत आणि वारा सुटला की पडत. पण हे कबूल करायचं कुणाकडे? पोह्यांच्या गाडीवर त्यांना मान होता. त्यांचा कारखान्यातला सोबती योगेंद्र तर रोज बशी हातात धरून आजचं मत पहिल्यांदा त्यांनाच विचारी, "हाँ भिया, आज क्या के रिये हो?" कापुरे सांगत, आणि योगेंद्र घरी जाऊन बरोबर त्याच्या उलटं करी. त्यातून त्याने दोन खोल्या वर चढवल्या. वास्तुशांतीला त्याने कापुऱ्यांना शालही दिली. कशाबद्दल, ते त्याने सांगितलं नाही आणि यांनी विचारलं नाही.

घरात मात्र त्यांचं मत कुणी मागत नसे. कल्पनाताई निसरपूरच्या. त्यांचे पूर्वज पवारांच्या फौजेबरोबर शिंपीकाम करत धारला आले, तिथून घराण्याची एक पाती नर्मदेकाठी निसरपूरच्या बाजारात स्थिरावली. कापुरे जळगावाकडून नोकरीसाठी आलेले. लग्नानंतर ते बायकोच्या मराठीला हसायचे, कारण ती त्यांच्या आजीसारखी बोलायची. आणि मध्येच हिंदी घुसायची, ती वेगळीच. ते निसरपूर आता नाही. २०१९च्या भाद्रपदात धरणाचं पाणी चढलं आणि गाव खाली गेलं. वर माळावर नवी वसाहत झाली, बुडालेल्या घरांच्या बदल्यात तिथे प्लॉट मिळाले.

तर यंदाच्या भाऊबिजेला कल्पनाताईंचे थोरले भाऊ गणोजीदादा धारला बस बदलून देवासला आले. ओवाळणी झाली. ताटात त्यांनी साडीबरोबर एक लांबट पाकीट ठेवलं.

"हे काय, दादा?"

"माईच्या नावाचा वसाहतीतला प्लॉट विकला, बाई. माई गेली, आता तिथे कोण राहणार? अर्धे तुझे. जावईबापू, तुमचं तर बाजारात नाव आहे, तुम्हीच बघा काय करायचं ते."

पाकिटात सव्वातीन लाखांचा धनादेश होता. कल्पनाताईंनी तो हळदीकुंकू लावून देवापुढे ठेवला. दादा गेल्यावर त्या नवऱ्यासमोर येऊन बसल्या आणि लग्नाच्या चौतीस वर्षांत प्रथमच म्हणाल्या, "अहो, तुम्ही दुनियेला सांगता. आता मला सांगा. हे आमच्या घराचे पैसे आहेत. दुसरे येणार नाहीत. कुठे ठेवू?"

दुनियेचे पैसे बुडाले तर दुनिया जाणे. हे पैसे बुडाले, तर ते घर दुसऱ्यांदा बुडालं असतं. तेही कापुऱ्यांच्या हातून.

"आठ दिवस दे," ते म्हणाले.

त्या आठ दिवसांत त्यांची जी दशा झाली ती वैऱ्याचीही होऊ नये. पहाटे उठून गच्चीवर जात, तर कार्तिकातली हवा पडलेली, अकराच्या अकरा चक्क्या हात पसरून उभ्या. म्हणजे नापास. साडेनऊला मोबाइल उघडावा, तर त्याच कंपन्या हिरव्या. पापडांचा मोसम नाही, म्हणून सौर ऊर्जेला गेजच नाही. त्यांनी शेजारणीच्या दोरीवरची गोधडी कितीला वाळते ते पाहायला सुरुवात केली, तेव्हा शेजारणीने ती उचलून आत नेली.

रविवारी विपुलचा फोन आला. आवाज पडलेला. यावेळी सर्दी नव्हती. "बाबा, हमारी टीम से चार लोग निकाल दिए. एआय करतंय म्हणे त्यांचं काम. माझं अजून आहे, पर पता नहीं."

कापुऱ्यांनी मुलाला धीर दिला आणि मनात तंत्रज्ञान नापास करून टाकलं. सोमवारी विपुलच्याच कंपनीचा शेअर चढला. त्यांनी विपुलला पुन्हा फोन लावला.

"अरे, माणसं काढली तर शेअर चढतो?"

"चढतो, बाबा. खर्च कम होतो नं."

"आणि तुला काढलं तर?"

"तर अजून चढेल थोडा," विपुल म्हणाला आणि हसला. कापुऱ्यांना ते हसू सहन झालं नाही. तंत्रज्ञान घ्यावं, तर पोराच्या नोकरीवर पैसे लावल्यासारखं. न घ्यावं, तर बायकोचं नुकसान. ते कितीतरी वेळ गेज हातात घेऊन बसले. एक टोक थंड, दुसरंही थंड.

आठव्या दिवशी दुपारी ते बँकेत व्याजाचा दर विचारायला म्हणून गेले आणि नुसतेच बाकावर बसून परत आले. घरी पाहतात, तो कल्पनाताई सतरंजीवर बसलेल्या आणि भोवती कापुऱ्यांच्या साऱ्या डायऱ्या पसरलेल्या. चष्मा लावून त्या एकेक पान बोटाने वाचत होत्या.

"तुमची मतं बघत होते," त्या म्हणाल्या. "म्हटलं, माझ्या पैशांचं ठरवायचं तर आधी वाचून तरी घ्यावं." मग मांडीवरची डायरी त्यांच्याकडे वळवली. "हे काय लिहिलंय?"

२०१९ची डायरी होती. भाद्रपदातली तारीख. अक्षर त्यांचंच, सरळ आणि टोकदार. 'धरण पूर्ण भरत आहे. पाण्याच्या विजेच्या कंपन्या: पास.' शेऱ्याचा रकाना कोरा.

कापुरे उभेच राहिले. तो दिवस त्यांना आठवला, आणि आठवला नसता तर बरं झालं असतं. कल्पना आठ दिवसांपासून माहेरी होती. त्यांनी रजा मागितली नव्हती, कारण कारखान्यात ऑडिट होतं आणि बाजारही तेजीत होता. दुपारी तिचा फोन आला होता. 'अहो, पाणी ओट्याच्या दुसऱ्या पायरीला लागलं.' ते म्हणाले होते, 'सांभाळून राहा.' आणि फोन ठेवून त्यांनी ही ओळ लिहिली होती. त्यात काही वाईट आहे असं त्यांना तेव्हा वाटलंही नव्हतं. धरण भरतंय ही पक्की बातमी घरचीच मिळाली, एवढंच वाटलं होतं.

"घेतले होते?" कल्पनाताईंनी विचारलं.

"घेतले होते. थोडेच. महिन्याभरात पडले. नुकसानच झालं," ते म्हणाले. नुकसान झालं हे सांगताना त्यांना वाटलं, त्याने आपला गुन्हा कमी होईल. तो झाला नाही.

कल्पनाताई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर यांना सोपं गेलं असतं. चष्मा काढून त्यांनी तो डायरीवर ठेवला. मग म्हणाल्या, "तर मग एक करा. माझे पैसे त्याच धरणात घाला. त्याच विजेत."

"काय?"

"घर तिथे खाली आहे नं आमचं. पैसे पण तिथेच राहू द्या. वर्षाला काही मिळालं, तर समजेन की माईने दिलं."

शेअरबाजाराची एवढी वर्षं, पण आता जे सांगायचं होतं ते कापुऱ्यांनी कधी जुळवून पाहिलंच नव्हतं. "कल्पना, त्या धरणाचा शेअर मिळत नाही. ते सरकारी निगमाचं आहे. बाजारात विकायला नाही."

"मग तुम्ही घेतले ते?"

"ते दुसरेच. दुसऱ्या नद्यांवरचे, दुसऱ्या डोंगरांतले. मला वाटलं, एक धरण भरलं म्हणजे सगळ्या पाण्याच्या विजेचं भलं होणार."

"म्हणजे आमच्या पाण्याशी त्याचा काही वास्ताच नव्हता?"

"नव्हता."

कल्पनाताई सतरंजीवरच्या डायऱ्या गोळा करू लागल्या. एकावर एक नीट रचल्या. मग शांतपणे म्हणाल्या, "म्हणजे आमचं त्यांना घेता आलं. त्यांचं आम्हांला घेता येत नाही."

यावर कापुऱ्यांचं काही मत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी परिक्रमा करून ते गाडीवर आले. योगेंद्र बशी घेऊन तयारच होता. "हाँ भिया? टेक्नॉलॉजी की एनर्जी? आज क्या के रिये हो?"

"मालूम नहीं," कापुरे म्हणाले.

"मतलब?"

"मतलब मालूम नहीं, भिया. खरंच माहीत नाही."

योगेंद्रचा चमचा हवेतच राहिला. इतकी वर्षं ज्याच्या उलटं करून त्याचं सुरळीत चाललं होतं, त्याच माणसाने आज सुलटं काही सांगितलंच नाही. 'माहीत नाही'च्या उलटं काय करायचं असतं? जिलबी गार होईपर्यंत तो विचार करत राहिला, आणि ऐकतो त्याप्रमाणे त्या दिवशी त्याने काहीच घेतलं-विकलं नाही. कापुऱ्यांना मात्र ते दोन शब्द बोलल्यावर हलकं वाटलं, आणि हलकं वाटल्याची लाजही वाटली.

घरी आले तेव्हा स्वयंपाकघरातून कणीक तिंबल्याचा आवाज येत होता. टेबलावर यंदाची डायरी नव्हती. २०१९चीच होती, गेज ठेवून उघडी. भाद्रपदातल्या त्या ओळीपुढे, शेऱ्याच्या कोऱ्या रकान्यात, निळ्या शाईने जुन्या वळणाच्या अक्षरात लिहिलं होतं:

'याच दिवशी दुपारी गणोजीदादाने माईच्या खोलीची चौकट खणून काढली. मी फोन केला होता.'

कापुरे खुर्चीवर बसले. पुन्हा वाचलं. कारखान्यात नियम होता, वहीत खाडाखोड चालत नाही. निकाल चुकला तर त्यावर एकच सरळ रेघ मारायची, मूळ अक्षर वाचता आलं पाहिजे. शेजारी तपासनिसाची सही, आणि ज्याने चूक दाखवली त्याचीही. तेहतीस वर्षांत त्यांच्यावर ती वेळ आली नव्हती. त्यांनी 'पास'वर पट्टी धरून एक रेघ मारली. सही केली. सही वाकडी आली, तरी ती तशीच ठेवली.

मग डायरी आणि पेन घेऊन ते स्वयंपाकघराच्या दारात गेले.

"इथे तुझी सही लागते."

कल्पनाताईंनी रेघ पाहिली, सही पाहिली. "आणि माझ्या पैशांचं काय ठरलं?"

"मला माहीत नाही गं. काहीच कळत नाही मला. कधीच कळत नव्हतं."

"बरं," त्या म्हणाल्या. "मग आपण दोघं मिळून बँकेत जाऊ."

आणि कणकेचा हात पदराला पुसून त्यांनी सही केली.