नवऱ्याची परवानगी

माझी बायको साठाव्या वर्षी भिक्षुणी व्हायला निघाली, तेव्हा घरात भांडण नव्हतं, आजारपण नव्हतं, काही म्हणजे काही नव्हतं. मी ओटावातल्या सरकारी नोकरीतून नुकताच रिटायर झालो होतो. दोन हजार नऊ-दहाची गोष्ट. मुलगा नोकरीसाठी सस्काटूनला गेल्यापासून ही दर शनिवारी गावाबाहेरच्या एका बौद्ध विहारात ध्यानाला जायची. मला वाटायचं, बरं आहे, तेवढाच विरंगुळा. मीही बेसमेंटमध्ये निवांत क्रिकेट बघायचो.

एका सकाळी चहा देताना म्हणाली, "अहो, मला दीक्षा घ्यायचीय. पण तुमच्या परवानगीशिवाय देत नाहीत."

"नवऱ्याची परवानगी? या देशात?" मला हसूच फुटलं.

"नियम आहे त्यांचा. नवऱ्याने हो म्हणावं लागतं."

मग माझं डोकं फिरलं. वाट्टेल ते बोललो. पस्तीस वर्षांचा संसार, आता म्हातारपणी मला वाऱ्यावर सोडणार का, इथल्या मराठी मंडळातल्या लोकांना काय तोंड दाखवू! तिने सगळं ऐकून घेतलं आणि ड्राइव्हवेवरचा बर्फ फावड्याने काढायला गेली. परत आली तेव्हा म्हणालो, "विचार करून सांगतो." आमच्या घरात याचा अर्थ 'नाही' असाच होतो, हे तिला चांगलं ठाऊक होतं.

सगळा हिवाळा मी ताणून धरलं. तिने एकदाही विषय काढला नाही. मुलाला फोन केला, तर तो म्हणतो, "बाबा, इट्स हर लाइफ." म्हणे हर लाइफ! आणि माझ्या लाइफचं काय?

मार्चमध्ये शेवटी मलाच राहवेना. "समज, मी नाहीच म्हटलं. मग?"

ती पोळ्या लाटत होती. "मग नाही जाणार."

"पळून जाशील एखाद्या दिवशी."

"काहीतरीच काय! राहीन की. नीट राहीन तुमच्याबरोबर."

खोटं बोलत नव्हती हो, तेच मला झेपेना. निघून गेली असती तर जन्मभर शिव्या तरी घालता आल्या असत्या. ही राहिली असती, गरम पोळ्या वाढल्या असत्या, आणि घासाघासाला मला कळलं असतं की हिला मी अडवून ठेवलीय. कॅनडाला यायचं ठरवलं तेव्हाही मी हिला नुसतं कळवलं होतं, विचारलं नव्हतं.

"जा," म्हणालो. "जा बाई, जा." आणि वॉशरूममध्ये जाऊन, नळ सोडून ढसाढसा रडलो.

जूनमध्ये दीक्षा झाली. मुख्य भिक्षुणींनी सगळ्यांसमोर मला पुन्हा विचारलं. मी इतक्या जोरात 'हो' म्हणालो की मागची मंडळी हसली. नंतर ती बाहेर आली ती मुंडण केलेली, भगव्या चीवरात. क्षणभर मला ओळखूच आली नाही. सगळे एकेक करून तिच्या पाया पडत होते. तिने उलट नमस्कार करायचा नाही आणि कुठल्या पुरुषाला हात लावायचा नाही, हे विहारातल्या लोकांनी मला आधीच सांगितलं होतं.

माझी पाळी आली. वाकून डोकं टेकवलं खरं, पण उठताना गुडघ्यात कळ आली. सवयीने तिचा हात पटकन पुढे आला, अर्ध्यावर थांबला आणि चीवरात परत गेला. तिचे डोळे भरून आले होते.

"राहू द्या," मी म्हणालो, आणि जमिनीवर हात टेकून आपला आपण उठलो.