कॅलिपरवरचा आकडा

मंगळवारी दुपारी लेथवर काम करताना हे गेले.

लेथवरचं कापायचं हत्यार किती सरकलं ते आकड्यात दिसावं, म्हणून यांनी बाजारातला स्वस्त डिजिटल कॅलिपर कापून लेथला बसवला होता. मोजायला सुरुवात करायची तिथं बटण दाबायचं, याला ते ‘झिरो मारणं’ म्हणत. मी शाळेतली बाई, ‘शून्य’ म्हटलं की हसत. “बाई, तुमचं शून्य पुस्तकात. आमचा झिरो, आम्ही मारू तिथं.”

त्या दिवशी आकडा ४७.३२ वर थांबला. झिरो कुठं मारला होता, ते यांनाच ठाऊक. मी लेथला कुणाला हात लावू दिला नाही.

परवा आकडा लुकलुकू लागला. धाकटे दीर म्हणाले, “वहिनी, सेल बदलतो.”

“हाच आकडा राहील ना?”

“नाही हो. सेल काढला की तो सगळं विसरतो. नवा झिरो मारू.”

माझी तर सगळी अंतरं यांच्यापासून मोजलेली. शाळा लांब, माहेर लांब, ते यांच्यापासून. नवा झिरो मी कुठं मारू? मी नको म्हटलं.

आज सकाळी आकडा विझला. आता लेथ आहे, कॅलिपर आहे आणि मी आहे.