विहिरीचं कुलूप

आमची जमीन झाशीच्या पुढे, बबीन्याच्या अलीकडे, मोठा रस्ता सोडून कच्च्या वाटेने चार किलोमीटर आत आहे. जमीन म्हणायचं, पण अर्धी खडकच. हे रेल्वेच्या ऑफिसातून रिटायर झाले, मी शाळेतली चित्रकलेची नोकरी सोडली आणि झाशीतलं सीपरी बाजारातलं घर मुलीवर सोपवून आम्ही तिकडे राहायला गेलो. डोक्यात एकच होतं. चित्रं काढणारे, मूर्ती घडवणारे, लिहिणारे लोक इथे येऊन दीड महिना राहतील. सकाळी आमच्याबरोबर शेतात राबतील, दुपारनंतर आपापलं काम करतील आणि गावातल्या बायकांच्या हातात जे आहे ते त्यांच्याकडून शिकतील. मुलगी हसली होती. तिला मराठी सगळी कळते, पण उत्तर हिंदीतच. म्हणाली, "आई, कौन आएगा वहाँ?"

पण लोक आले. पहिल्या वर्षी दोन, मग पाच.

गावात एक कुंभारीण होती, साठीच्या पुढची. मी तिला काकी म्हणायचे आणि ती मला जिज्जी, म्हणजे मोठी बहीण. वयाने मी लहान, पण शहरातून आलेल्या बाईला तिथे जिज्जीच म्हणतात. पाहुण्यांना मातीकाम तीच शिकवायची. चाक तिच्या नवऱ्याचं होतं, तो गेल्यावर ते कोपऱ्यात पडलं. ती जुन्या मडक्याच्या बुडावर ओली माती पसरायची आणि लाकडी थापीने ठोकून ठोकून नवं मडकं वाढवायची. सगळा जोर मनगटाचा. नागपूरची एक शिल्पकार मुलगी आमच्याकडे दुसऱ्यांदा आली ती केवळ काकीसाठी.

आम्ही लिंबू, पेरू, आवळा आणि शेवगा मिळून एकशेतीस रोपं लावली होती. प्रत्येकाच्या मुळाशी एकेक मडकं गळ्यापर्यंत पुरलेलं. ते भरून वर झाकण ठेवलं की पाणी आतून झिरपत राहतं, उन्हात वाया जात नाही. ही युक्ती मी वाचली होती, पण एकशेतीस मडकी काकीने केली. एक पूर्ण हिवाळा ती त्यालाच बसली होती.

तिसऱ्या वर्षी थंडीतला पाऊस पडलाच नाही. फेब्रुवारीतच विहिरीचं पाणी खाली गेलेलं मला दिसत होतं. तरी नागपूरच्या मुलीने फोनवर विचारलं तेव्हा मी म्हणाले, "पाण्याची काळजी करू नका." एप्रिलच्या सुरुवातीला ती आणि आणखी तिघं येऊन दाखल झाली. शेवटच्या दिवशी गावाला बोलावून सगळ्यांचं काम मांडायचं ठरलं होतं.

हे रोज सकाळी दगड बांधलेला दोर विहिरीत सोडायचे. दोराला हात-हातभर अंतरावर गाठी मारल्या होत्या. किती गाठी ओल्या झाल्या ते येऊन सांगायचे. नऊ. मग आठ. एका आठवड्यात सहा. त्यांच्या पावलांचा आवाज आला की मी हातातलं काम टाकून दारात यायचे. बोअर मारून पाहिली. खालून दिवसभर पांढरी भुकटी उडत राहिली आणि संध्याकाळी मशीनवाला मान हलवून निघून गेला. टँकर दोनदा आला. तिसऱ्यांदा ड्रायव्हर म्हणाला, शहरातच पुरत नाही, इकडे कुठून आणू?

आणि एप्रिलच्या मध्याला गावातला हँडपंप बंद पडला. आता गावातल्या बायका आमच्या विहिरीवर येऊ लागल्या. आधीही यायच्या, दोन-चार जणी. आता सकाळपासून रांग. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बादल्या मोजायचे. आधी मोजते आहे हे माझं मलाही कळलं नाही. कळलं तेव्हा मी खिडकीपासून बाजूला झाले आणि पाच मिनिटांनी पुन्हा तिथेच येऊन उभी राहिले.

चार गाठी राहिल्या त्या दिवशी मी ह्यांना म्हणाले, "विहिरीवरच्या लोखंडी जाळीला कुलूप लावू या."

"आणि गावाने काय करायचं?"

"नाल्याकडे विहीर आहे ना त्यांची."

"दीड किलोमीटर आहे ती. ह्या उन्हात?"

"अहो, मग मी काय करू? रोपं मरू देऊ? ह्या चौघांना काय सांगू? चौघं जाईपर्यंत दोन आठवड्यांचाच तर प्रश्न आहे."

हे म्हणाले, "लावू नकोस." एवढंच. पण मला अडवलंही नाही. मी सीपरी बाजारात जाऊन मोठं पितळी कुलूप आणलं आणि माझ्या हाताने लावलं. रांगेतल्या बायकांना सांगितलं, "दस-पंधरा दिन की बात है।" कुणी भांडलं नाही. एकीने फक्त रिकामी बादली उचलून कमरेवर घेतली आणि बाकीच्या तिच्या मागोमाग गेल्या. पाहुण्यांना मी सांगितलं की विहीर साफ करायची आहे म्हणून बंद ठेवली आहे. पहाटे ते उठायच्या आत मी कुलूप काढून टाकी भरून ठेवायचे आणि त्या पाण्याने ते रोज अंघोळ करत होते. रोज सकाळी आमच्याबरोबर मडकी भरत होते.

तिसऱ्या दिवशी दुपारी काकी आली. डोक्यावर एक घागर, कमरेवर एक. बाकीच्यांनी तिला सांगितलं असणार, पण तिचा विश्वास बसला नसावा. मी खिडकीपाशी होते. तिने घागरी खाली ठेवल्या, कुलूप हातात घेऊन पाहिलं, एकदा ओढलं. मग विहिरीच्या कट्ट्यावर बसून राहिली. घराकडे पाहिलं नाही, हाक मारली नाही. माझ्या हातात लाटणं होतं. किल्ली माझ्या कमरेला होती. दार दहा पावलांवर होतं. मी स्वतःला सांगत होते, एकीला दिलं तर सगळ्यांना द्यावं लागेल. काकी उठली, तिने रिकाम्या घागरी उचलल्या आणि आली तशी गेली. मी पोळ्या लाटायला लागले. त्या दिवशी त्या एकसारख्या झाल्या होत्या, हे मला अजून आठवतं आणि त्याची लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास काकीची सून धावत आली. दम लागलेला, पदर घसरलेला. "जिज्जी, गाड़ी निकारो. अम्मा गिर परीं।"

नाल्याकडच्या विहिरीच्या पायऱ्या निसरड्या होत्या आणि तळाशी पाणी कमी, त्यामुळे पार खाली उतरावं लागत होतं. वर येताना काकीला चक्कर आली. ती उजव्या हातावर पडली. आम्ही पोचलो तेव्हा ती झाडाखाली बसली होती, मनगट सुजून वाकडं झालेलं, आणि ते तिने डाव्या हाताने मांडीवर धरून ठेवलं होतं, लहान मूल धरावं तसं. घागरी फुटल्या होत्या. तिच्याच हातच्या होत्या.

गाडी मी चालवत होते. काकी आणि तिची सून मागे. मी पाण्याची बाटली मागे दिली. काकीने अर्धी प्यायली, झाकण लावलं आणि उरलेली सुनेला दिली. झाशीच्या दवाखान्यापर्यंतच्या रस्त्यात मी दोनदा बोलायला तोंड उघडलं आणि नुसता गिअर बदलला. लष्करी छावणीच्या फाटकाशी गाड्या थांबल्या होत्या. तिथे उन्हात उभं असताना मी आरशात न बघता म्हणाले, "काकी, कल हमने आपको देखा था। खिड़की से।"

"हओ," ती म्हणाली. "हमें पता है। तुमाई साड़ी दिख रई ती।"

मागून हॉर्न वाजू लागले, तेव्हा मला समजलं की पुढची गाडी केव्हाच निघून गेली आहे.

हाड दोन ठिकाणी मोडलं होतं. प्लास्टर घालून तिला घरी सोडेपर्यंत दुपार उलटली. मी परत आले, सरळ विहिरीकडे गेले आणि कुलूप काढलं. हे ओसरीत उभे होते. मग मी चौघांना बोलावून खरं ते सांगितलं.

नागपूरची मुलगी माझ्याकडे पाहतच राहिली. "ताई, आम्हाला का नाही सांगितलंत? आम्ही अंघोळ करत होतो हो इथे. केस धूत होतो."

"तुम्ही निघून गेला असता."

"हो, गेलो असतो," ती म्हणाली. "मग?"

निघून गेले असते, रोपं मेली असती, एक वर्ष वाया गेलं असतं. त्यापुढे काय? काहीच नाही. इतक्या दिवसांच्या घालमेलीत मी हा विचार एकदाही शेवटापर्यंत नेला नव्हता.

तिघं त्याच आठवड्यात गेले. नागपूरची मुलगी थांबली. काम तिने सोडून दिलं. रोज सकाळी आमच्या विहिरीतून पाणी काढून ती काकीच्या घरी पोचवायची आणि बाकीच्या बायकांना बादल्या ओढू लागायची. विहीर आणखी नऊ दिवस चालली. दहाव्या दिवशी बादलीत चिखल आला. ह्यांनी दोर गुंडाळून खुंटीला लावला. गावासाठी तहसिलीतून टँकर सुरू झाला. तो वेळेवर यायचा नाही, आणि आला की आम्हीही बाकीच्यांसारखे रांगेत उभे राहायचो. कुणी मला टोमणा मारला नाही. मारला असता तर बरं झालं असतं. माझ्यापुढे दोन बायकांची जागा मोकळी राहायची, एवढंच.

पाऊस यायला जुलै उजाडला. एकशेतीसपैकी एकोणचाळीस रोपं जगली.

काकीचं हाड सांधलं, पण मनगट वळेना. चमचा धरता येतो, वेणी घालता येते, थापी उचलून मारता येत नाही. मी आठवड्यातून एकदा तिच्याकडे जायचे. ती चहा द्यायची, मुलीची चौकशी करायची. दारातून उठताना मी दर वेळी माफी मागायचं ठरवायचे आणि दर वेळी "चलती हूँ काकी" म्हणून निघायचे. असं वर्षभर चाललं. त्या वर्षी आम्ही कुणालाच बोलावलं नाही. हे म्हणायचे, विकून टाकू या, परत सीपरीला जाऊ. मीही हो म्हणायचे. पण मग काकीच्या त्या हातापासून तोंड लपवून पळून गेल्यासारखं होईल असं वाटायचं आणि आम्ही तसेच बसून राहायचो, दोघंच, रिकाम्या खोल्यांना झाडू मारत.

आता पाहुणे फक्त ऑगस्ट ते जानेवारी येतात, कमी येतात. विहिरीवर पहिली पाळी गावाची. उन्हाळ्यात आम्ही सगळं बंद ठेवतो. हे सुधारणं म्हणावं की उशिरा आलेली अक्कल, मला ठाऊक नाही. त्याने मनगट वळत नाही.

गेल्या हिवाळ्यात काकी पहिल्यांदा पुन्हा आली. सुनेने खाट उन्हात टाकली. काकी खाटेवर बसून पाहुण्यांना तोंडी सांगत होती, माती किती भिजवायची, किती तुडवायची. एका मुलाने तिच्या हाताकडे बघून सहज विचारलं, काय झालं म्हणून. ती म्हणाली, "गिर गए ते।" मी तिथेच, तिच्या पायाशी माती मळत बसले होते. मी मान वर केली. खूप धीर करून म्हणाले, "काकी, वो मेरी वजह से हुआ था। मैंने ताला लगाया था। मुझे माफ कर दो।"

काकीने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, मायेनेही नाही. एखादं भांडं नीट भाजलंय का ते पाहावं तसं.

"काम करो जिज्जी," ती म्हणाली. "माटी सूख रई है।"

मी माती मळू लागले. मग तिने त्या मुलाला थापी कशी धरायची ते सांगायला सुरुवात केली, आणि त्याला ते जमत नव्हतं.